मेहेरबाईंच्या मागे

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभरातली पोलीस दले आपल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे स्मरण करतात. १९५९ साली याच तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस जवान मारले गेले. तेव्हापासून हा दिवस पाळला जातो. मानवंदना होते, वर्षभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावे वाचली जातात, बिगूल वाजतो आणि लोक घरी जातात. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांच्यापुढे मात्र एक प्रश्न उरतो. त्याच्या नावाने काय करावे? चौकाला नाव द्यावे, पुतळा बसवावा, की एखाद्या रुग्णालयात एक खाट, एक खोली, एखादे यंत्र द्यावे?

मुंबईला हा तिसरा मार्ग नवा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ज्या कामा रुग्णालयात अतिरेकी घुसले आणि ज्याच्या शेजारच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले, ते रुग्णालयसुद्धा एकोणिसाव्या शतकात पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांच्या देणगीतून उभे राहिले. जुन्या मुंबईच्या कुठल्याही इस्पितळात फेरफटका मारा, भिंतीवर संगमरवरी पाट्या दिसतील. आईच्या स्मरणार्थ, पतीच्या स्मरणार्थ, अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ. या पाट्या कुणी फारशा वाचत नाही. इस्पितळात गेलेल्या माणसाचे लक्ष पाट्यांकडे कशाला असेल?

या शहरातल्या अशा सर्वांत मोठ्या स्मारकावर तर ज्या बाईच्या मृत्यूतून ते जन्माला आले, तिचे नावही नाही. मराठी घरांत त्या स्मारकाचा उल्लेख आजही आवाज खाली आणून होतो. कुणाला ‘टाटाला नेले’ म्हटले की पुढे काही विचारायचे नसते, ऐकणारा समजतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ही कथा आहे, आणि ती सर दोराबजी टाटा यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात सुरू होते. पण ते वर्ष कळायचे तर आधीची एकाहत्तर वर्षेही पाहायला हवीत.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईतला. जमशेटजी टाटा आणि हिराबाई यांचे ते थोरले चिरंजीव. थोर बापाच्या मुलाची जी अडचण असते ती त्यांच्या वाट्याला जन्मभर आली. आजही शाळेतल्या मुलाला विचारा, टाटांचे पोलाद कुणी उभे केले? तो जमशेटजींचे नाव सांगेल. जमशेटजी १९०४ साली गेले तेव्हा पोलादाचा कारखाना कागदावरच होता, पश्चिम घाटातल्या पाण्यापासून वीज हीसुद्धा कल्पनाच होती आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेची पायाभरणीदेखील झालेली नव्हती. ही तिन्ही स्वप्ने वडिलांची. पण ती जमिनीवर उतरवली मुलाने.

मुलगा तसा खेळगडी होता. केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दोन वर्षे काढली, तिथे क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये नाव मिळवले. १८७९ साली परत येऊन सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली. मग काही काळ ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात बातमीदारी केली. गिरणीमालकाच्या पोराला वर्तमानपत्रात नोकरी करण्याची गरज नव्हती, पण जमशेटजींची शिस्त वेगळी होती. त्यानंतर कापसाच्या व्यवसायात प्रवेश, पाँडिचेरीत गिरणी चालेल का याची पाहणी, आणि पुढे नागपूरची एम्प्रेस मिल. विदर्भाचा कापूस आणि नागपूरची माणसे यांच्यात दोराबजी धंदा शिकले.

नागपूरचाच एक प्रसंग टाटांच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. लोहखनिजाच्या शोधात चांदा जिल्ह्यात निराशा झाली होती. त्यासंबंधी कळवायला दोराबजी सरकारी कचेरीत गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे मध्य प्रांताच्या भूगर्भनकाशासमोर उभे राहिले. दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची खूण दाखवणारा गडद रंग होता. त्या खुणेवरून शोधपथक ढल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोहोचले. टेकडीवर चालताना पायाखाली धातूसारखा आवाज येत होता म्हणतात. प्रत्यक्ष कारखाना अखेर साकची या गावी झाला, पण धीर देणारा शोध हा. १९०७ साली भांडवल उभारायची वेळ आली तेव्हा लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला. दोराबजींनी स्वदेशीच्या त्या वातावरणात आपल्याच लोकांपुढे झोळी पसरली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी ती भरली. १९१२ साली साकचीत पहिले पोलाद निघाले. १९१० मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली होती.

मेहेरबाई त्यांच्या आयुष्यात आल्या त्या याच्या आधी, १८९८ साली. म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होरमसजी भाभा यांची ही कन्या. जमशेटजी म्हैसूरला गेले असता त्यांनी ही मुलगी पाहिली, आणि मुलालाही भाभांकडे भेटीला जायला सांगितले अशी आठवण सांगतात. लग्न झाले तेव्हा दोराबजी अडतीस वर्षांचे आणि मेहेरबाई अठराच्या. वयाचे अंतर आजच्या वाचकाला खटकेल. पण नवऱ्याच्या सावलीत राहणारी ही बाई नव्हती. त्या पियानो वाजवत, घोड्यावर बसत आणि टेनिस खेळत. तेसुद्धा पारशी पद्धतीची साडी नेसून. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी त्यांचे नाव भारताकडून नोंदले गेले होते. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ साली झाला, त्याच्या तयारीत त्यांचा सल्ला घेतला गेला. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी अमेरिकेत जाऊन व्याख्यान दिले. मुलींचे शिक्षण, पडद्याची चाल, अस्पृश्यता या प्रश्नांवर त्यांचे काम चालू असे.

या पत्नीसाठी दोराबजींनी एक हिरा घेतला. ज्युबिली हिरा. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत १८९५ साली सापडलेला, पैलू पाडल्यावर २४५ कॅरटचा. म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवावरून त्याचे नाव पडले. प्लॅटिनमच्या साखळीत बसवून मेहेरबाई तो खास प्रसंगीच घालत. तिजोरीतून तो हिरा बाहेर निघाला की प्रत्येक वेळी विमा कंपनी वेगळे पैसे आकारत असे, असेही सांगितले जाते.

या हिऱ्याची खरी गोष्ट १९२४ ची आहे. पहिल्या महायुद्धानंतर पोलाद कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला होता. खर्च फुगला, किमती कोसळल्या, आणि कच्च्या लोखंडाचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या जपानला १९२३ च्या भूकंपाने झोपवले. एके दिवशी जमशेटपूरहून तार आली की कामगारांचे पगार द्यायला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली आणि एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्या गहाणात मेहेरबाईंचा हिरा होता. आपल्याकडे घर अडचणीत आले की बायकोच्या अंगावरचे सोने सोनाराकडे जाते. प्रकार तोच, फक्त घराच्या जागी हजारो कामगारांचे गाव होते. पगार झाले. पुढे पोलादाला सरकारी संरक्षण मिळाले, कारखाना तगला, कर्ज फिटले आणि हिरा परत आला.

इथे थांबून एक दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती टाळून दोराबजींचे चरित्र मराठी वाचकासाठी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. लोणावळ्याच्या बाजूचे काम पार पडले आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. मग पाळी आली मुळशीची. नीळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातल्या मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तिथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते झाले, शेतकरी आणि त्यांच्या बायका कामावर आडव्या पडल्या, तुरुंगात गेल्या. शेवटी धरण झाले आणि गावे बुडाली. धरणग्रस्तांच्या लढ्याचा आपल्या देशातला आरंभ तिथे मानतात. त्या काळात टाटा उद्योगसमूहाच्या प्रमुखपदी दोराबजीच होते. ज्यांनी पगारासाठी हिरा गहाण टाकला त्यांच्याच कंपनीने मावळातल्या कुणब्याच्या जमिनीचे मोल पैशात करून भागवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

पुण्याशी त्यांचे एक वेगळेही नाते होते. डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरे त्यांनी पाहिली. काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते, हे त्या जुन्या खेळाडूच्या लक्षात आले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकचे दार उघडून घेतले आणि खर्चाचा मोठा भाग स्वतः उचलला. सहा जणांचा तो चमू: चार धावपटू, दोन मल्ल. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पदक नाही मिळाले. पण भारतीय ऑलिंपिक संघटना पुढे १९२७ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच झाले.

आता १९३१. पती-पत्नी युरोपात होते. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला होता. उत्तर वेल्समधल्या रुथिन येथील एका शुश्रूषागृहात त्यांना ठेवले. त्या काळी या आजारात डॉक्टरांच्या हाती काय होते? सोमलाची औषधे आणि क्ष-किरण. त्याने थोडे दिवस ढकलता येत, रोग हटत नसे. रोगाला नाव मिळून तेव्हा ऐंशीवर वर्षे झाली होती, पण नावापलीकडे फारसे काही हाती आलेले नव्हते. देशातल्या सर्वांत धनवान माणसांपैकी एकाच्या पैशालाही तिथे किंमत नव्हती. १८ जून १९३१ रोजी मेहेरबाई गेल्या. वय एक्कावन्न. लंडनजवळच्या ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत, जिथे जमशेटजी आणि दोराबजींचे धाकटे बंधू रतनजी विसावले होते, तिथेच त्यांना ठेवण्यात आले.

त्यांना मूलबाळ नव्हते. दोराबजी मुंबईला परतले ते एकटे, आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर समुद्राकाठी एखादा घुमट बांधून मोकळा झाला असता, पैसा होताच. दोराबजींनी पत्नीच्या स्मृतीसाठी जे केले त्यात एक साधा पण विलक्षण विचार होता. ज्या आजाराने ती गेली, त्या आजाराचाच माग काढायचा. १९३२ च्या एप्रिलमध्ये लेडी टाटा स्मारक निधी स्थापन झाला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जगभरातल्या संशोधकांसाठी, रक्ताच्या कर्करोगावरच्या कामासाठी राखला गेला. संशोधक कुठल्या देशाचा, हे पाहायचे नव्हते. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी मेहेरबाईंच्या नावाने दुसरा एक निधी झाला.

गोळी लागून गेलेल्या पोलिसाच्या घरच्यांनी अपघात विभागाला शस्त्रक्रियेचे टेबल द्यावे, तसे हे होते. स्मारक आणि मृत्यूचे कारण यांची गाठ घालायची. फरक इतकाच, की टेबलाचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो. रक्ताच्या कर्करोगावर औषधाने रोग काही काळ तरी मागे हटतो, हे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी मुलांच्या बाबतीत दाखवले ते १९४८ साली, म्हणजे निधी स्थापन झाल्यानंतर सोळा वर्षांनी. दोराबजींनी पैसा लावला तेव्हा समोर नुसता अंधार होता.

त्याआधी, ११ मार्च १९३२ रोजी, त्यांनी आणखी एक दस्त केला. स्वतःच्या नावे विश्वस्त निधी. टाटा सन्समधले आणि इतर कंपन्यांतले समभाग, जमीनजुमला, मेहेरबाईंचे दागिने, इतकेच काय पण टायला लावायची मोत्याची पिनसुद्धा त्यात गेली. सारे मिळून त्या काळचे एक कोटी रुपये. विद्येचा प्रसार, दुःखितांना मदत आणि इतर लोकोपयोगी कामे, असा हेतू. आणि ठिकाण, राष्ट्र किंवा धर्म यांचा भेद करायचा नाही अशी अट. पारशी दानशूरांनी आपल्या समाजासाठी किती केले हे मुंबईकर जाणतो. इथे ते कुंपणही काढून टाकलेले होते. ज्युबिली हिराही पुढे विकला गेला आणि त्याचे पैसे या निधीकडे आले. आता तो गहाणातून सोडवायचा नव्हता.

दस्त करून दोराबजी युरोपला निघाले. पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, आपल्या भाषेत सांगायचे तर, समाधीपाशी उभे राहायचे होते. ते पोहोचले नाहीत. वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. वर्ष भरायला पंधरा दिवस बाकी होते. वडीलही जर्मनीतच, बाड नाउहाइमला गेले होते. ब्रुकवुडला मेहेरबाईंच्या शेजारी दोराबजींना जागा मिळाली.

म्हणजे परळचे रुग्णालय त्यांनी पाहिले नाही, त्याचा पायाही पाहिला नाही. ते उभे केले विश्वस्तांनी. दोराबजींनंतर टाटा समूहाची सूत्रे हाती घेतलेल्या सर नवरोजी सकलातवाला यांनी कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालयाची कल्पना लावून धरली. मलेरिया, क्षय आणि पटकी यांनी माणसे पटापट मरत असलेल्या देशात कर्करोगासाठी इतका पैसा कशाला, असे कुणाला वाटले असेल तर नवल नाही. १९३८ साली नवरोजीही गेले. मग तरुण जे. आर. डी. टाटांनी काम पुढे नेले. विश्वस्त निधीचे सुमारे तीस लाख रुपये खर्चून इमारत झाली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुरुवातीला खाटा ऐंशी. परळ त्या वेळी गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारे गाव होते. युरोपातल्या शुश्रूषागृहाचा खर्च ज्याने कधी स्वप्नातही पाहिला नसता, अशा माणसाच्या दारात ते उपचार आले.

त्याच निधीतून १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि १९४४ साली या निधीच्या विश्वस्तांकडे एका तरुण शास्त्रज्ञाचे पत्र आले, मूलभूत संशोधनाची संस्था काढायला मदत मागणारे. शास्त्रज्ञाचे नाव होमी भाभा. मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा. लहानपणी आत्याच्या घरी त्याचे जाणे-येणे असे, तिथे देशाच्या उद्योगांविषयीची बोलणी त्याच्या कानावर पडत. संस्था १९४५ मध्ये सुरू झाली. पुढे १९५७ साली टाटा रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे सोपवण्यात आले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेले. वरवर पाहता विचित्र वाटणारी ही व्यवस्था. इस्पितळाचा आणि अणूचा संबंध काय? पण कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाचे स्थान मोठे आहे, हे भाभांनी ओळखले होते. ज्या आत्याच्या मृत्यूतून हा सगळा प्रवास सुरू झाला, तिच्या भाच्याच्या खात्याकडे ते रुग्णालय आले. १९६६ च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले; त्याच वर्षी रुग्णालय आणि कर्करोग संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झाले.

आज तिथे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांवर जवळजवळ विनामूल्य उपचार होतात. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आणि आपल्या मराठवाडा-विदर्भातून माणसे येतात. खाटा वाढल्या तरी पुरत नाहीत. बाहेरच्या पदपथावर पिशव्या उशाला घेऊन बसलेली कुटुंबे हे परळचे नेहमीचे दृश्य आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आसरा मिळतो तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. एक कोटीचा दस्त करणारे दोराबजी आणि हातात खराटा, डोक्यावर गाडगे घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा. एकाच्या पैशातून उपचार आणि दुसऱ्याच्या नावाने चाललेल्या घरात रात्रीची पथारी. सकाळी उठून ती माणसे परळला जातात, रांगेत उभी राहतात आणि नंबर पुकारण्याची वाट पाहतात.